यष्टी थांबली होती

कडेगाव,
२० नोव्हेंबर १९७६

तुम्हांस मनूचा नमस्कार.

हे तिसरं पत्र. पहिली दोन पोचली की नाही, कळायला मार्ग नाही. पोस्टमन म्हणतात, जेलात गेलेलं पत्र आधी जेलरसाहेब वाचतात आणि मग ज्याचं त्याला देतात. म्हणून जपून लिहिते.

घरी सगळी बरी आहेत. ऊसतोडीची टोळी आली आहे, मामंजी दिवसभर रानात असतात. आत्याबाईंचा गुडघा थंडीनं धरलाय. मी लेप वाटून ठेवते, त्या तो वाटीतच वाळू देतात. सासूपणानं रागावतही नाहीत, माझ्याशी बोलतच नाहीत. काही सांगायचं असलं तर चुलीकडे तोंड करून म्हणतात, "पीठ संपलंय." मग मी उठून गिरणीला जाते. तुम्हाला शिक्षा लागल्यापासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, स्वतः उठून घेतात. गुडघा दुखत असला तरी.

मामंजी एकदाच बोलले. सांगलीला निकाल लागला त्या दिवशी. घरी आल्यावर फेटा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "खरं बोललीस, त्येला माझं काय म्हणणं न्हाई. बावीस वर्सं फौजेत काढली, मलाबी खोटं चालत न्हाई. पर माझ्या पोराच्या इरुद्ध उभं ऱ्हायाला दुसरं कुणी नव्हतं का?"

दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांनाही माहीत आहे. आपल्या पुढं थांबलेल्या एसटीच्या ड्रायव्हरची बदली झाली, त्याचं समन्स दोनदा फिरून आलं. बाकीची माणसं सगळी नंतर गोळा झालेली. मालकांच्या ट्रकमध्ये तुमच्या शेजारी मी होते. पोलिसांनी त्या दिवशी विचारलं तेव्हा जे दिसलं ते सांगितलं. पुढं कोर्टात ते बदलायला मला जमलं नाही.

कोर्टात माझा आवाज निघत नव्हता. साहेबांनी तीनदा "मोठ्यानं बोला" म्हटलं. तुम्ही लांब उभे होता, सगळं ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक, म्हणून इथं लिहिते. मी म्हटलं की आपण पलूसहून गुळाच्या ढेपा भरून सांगलीला निघालो होतो आणि मला बहिणीकडे बारशाला सोडायचं होतं. शाळेपुढे रस्त्यावर माणसांना ओलांडायला पांढरे पट्टे मारलेत, तिथं आपल्या पुढची एसटी थांबली. तिच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली. डोक्यावर घोंगड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई एसटीपुढून पट्ट्यांवरनं चालली होती. तुम्ही गाडी उजवीकडून काढलीत. ती एसटीच्या आडून बाहेर आली आणि तिथं आपण होतो.

हरणाबाई तिचं नाव. वडूजकडची, मेंढरं घेऊन इकडं उतरलेल्यांतली. ती जागेवरच गेली.

तुमच्या वकिलांनी मला विचारलं, पट्टे पुसट झाले होते ना? मी म्हटलं, पुसट होते, पण दिसत होते. ते म्हणाले, "तुम्हाला दिसले, मग गाडी चालवणाऱ्याला का नाही दिसले?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तेव्हा तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. रागानं बघितलं असतंत तर मला झोप लागली असती.

उत्तर पाठवा. चार शब्द चालतील.

मनू


कडेगाव,
१७ जानेवारी १९७७

तुम्हांस मनूचा नमस्कार.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला येऊन गेले, ते तुम्हाला कळलं आहेच.

पहिल्या गाडीनं कऱ्हाड, तिथून कोल्हापूर, आणि स्टँडपासून कळंब्याच्या जेलापर्यंत चालत. तिळाच्या वड्या केल्या होत्या. फाटकावरच्या शिपायानं वहीत नाव लिहून घेतलं, कोण लागतो विचारलं. आत जाऊन अर्ध्या तासानं परत आला आणि म्हणाला, "न्हाई म्हणतोय." मी विचारलं, आजारी आहेत का? तर म्हणाला, "धडधाकट हाय. नुसतं न्हाई म्हणतोय."

मी तिथंच बाकावर बसले. मनात आलं, थोड्या वेळानं तुमचा विचार बदलेल. शेजारी इस्लामपूरकडची एक म्हातारी होती. तिचा मुलगा आला, जाळीपलीकडे उभा राहिला, दोघं भांडल्यासारखी मोठमोठ्यानं बोलली, मग ती हसत परत आली. मला म्हणाली, "माझ्यानं तर खून केलाय, तरी भेटाया येतोय. तुझ्या माणसानं काय केलं?" मी सांगितलं, गाडी चालवत होते. ती म्हणाली, "एवढंच?"

वड्या आत नेऊ देत नाहीत. म्हातारीला दिल्या.

इथली संक्रांत झाली. आळीतल्या बायका रंगुबाईकडे हळदीकुंकवाला जमल्या. नाही म्हणायला मलाही बोलावलं. रंगुबाईनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली. मग हसून म्हणाली, "तू आता काय बोलूच नगंस, बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन तिळगूळ डब्यात टाकला.

तुम्ही का भेटला नाहीत ते मी विचारणार नाही. पण शिपाई म्हणाला तसं "नुसतं नाही" असं काही नसतं. तुम्ही सात वर्षं मिलिटरीत गाडी चालवलीत, परत आलात, लग्न झालं. तेव्हापासून तुमचं नाही म्हणणं मला कारणासकट कळत आलंय. भाजीत मीठ जास्त असलं तरी तुम्ही बोलत नव्हता, फक्त पाणी मागून घेत होता.

पुढच्या महिन्यात परत येईन.

मनू


कडेगाव,
९ जून १९७७

तुम्हांस मनूचा नमस्कार.

फेब्रुवारीत आले, एप्रिलात आले. दोन्ही वेळा तोच शिपाई होता. आता मला बघितलं की तो आत न जाताच मान हलवतो. एप्रिलात मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "तुमी पत्रं लिवता ती घेतोय बरं का. वाचतोय का म्हाईत न्हाई, पर घेतोय." म्हणून लिहिते आहे.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मला परत समन्स आलंय, सांगलीचंच, पण दुसऱ्या कोर्टाचं. तुम्हाला शिक्षा झाली ते कोर्ट गुन्हा कुणाचा ते बघत होतं. हे कोर्ट मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं नुकसान कुणी भरून द्यायचं ते बघतं. हरणाबाईच्या नवऱ्यानं, बिराप्पानं, दावा लावलाय. तुमच्यावर, गाडीच्या मालकांवर आणि विमा कंपनीवर.

सोमवारी पलूसहून मालक जीप घेऊन आले. बरोबर विमा कंपनीचे वकील होते. चहा घेतला. वकील चांगले बोलत होते, मला ताई म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की थांबलेल्या एसटीच्या आडून रस्त्यात येणाऱ्या माणसानं वाकून बघायला हवं. पट्टे असले म्हणून काय झालं, स्वतःचा जीव स्वतः सांभाळायचा असतो. हरणाबाईचीही थोडी चूक होती असं ठरलं, तर तिच्या माणसांना मिळायचं ते कमी होतं. त्यासाठी मी फार काही बोलायचं नाही. ती चालत होती असं मागे सांगितलं, तिथं आता म्हणायचं की ती पळत होती.

मालक उठताना मामंजींना म्हणाले, तुमचा गुंडा सुटून आला की गाडी त्याचीच, दुसऱ्या कुणाला देत नाही.

जीप गेल्यावर मामंजी बराच वेळ अंगणात उभे होते. मग मला हाक मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. म्हणाले, "मनू, ती बाई गेली. पळत गेली काय, चालत गेली काय, तिला आता कशाचा फरक पडतोय? त्यो जित्ता हाय. त्येला उद्या बाहेर यिऊन पोट भरायचं हाय." आणि थोड्या वेळानं, "एक शबूद बदलायचा."

त्यांचा आवाज फाटला होता. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. त्या रात्री आत्याबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं.

ती पळत नव्हती. तुम्ही सांगा, मी काय म्हणू? तुमची नोकरी आहे, तुमचं घर आहे. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन असं मी आज तरी म्हणते. तारीख ऑक्टोबरात आहे. एक ओळ लिहा.

मनू


कडेगाव,
२१ ऑगस्ट १९७७

तुम्हांस मनूचा नमस्कार.

तुमची ओळ आली नाही. अडीच महिने मी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर उभी राहिले. शेवटी तो लांबूनच हात हलवायला लागला, माझे श्रम वाचावेत म्हणून.

आता मी जपून लिहिणार नाही. जेलरसाहेब, तुम्ही वाचत असाल तर वाचा. तुम्हाला कुणाला सांगायचं असेल तर सांगा.

त्या दिवशी एसटीला वळसा घालताना उजव्या हाताला शिलाई मशीनचं दुकान होतं. काचेमागं नवं काळं मशीन, त्यावर सोनेरी नक्षी. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, मशीन घेऊन देईन. चार वर्षं मी तो विषय काढला नव्हता. मी मनानं बारशाला जाऊन पोचले होते, नवं लुगडं नेसले होते, आणि एकाएकी तुम्हाला चिडवावंसं वाटलं. मी तुमच्या दंडाला हात लावला, बोट दाखवलं आणि म्हटलं, "ते बघा की, माझं मशीन." मी हसत होते. तुम्ही मान वळवलीत. मग मी समोर बघितलं तर हरणाबाई एसटीच्या पुढून एक पाऊल बाहेर आली होती. मी ओरडलेसुद्धा नाही.

वकिलांनी विचारलं होतं, गाडी चालवणाऱ्याला का नाही दिसलं. मला माहीत होतं. "माहीत नाही" हे मी शपथेवर खोटं बोलले. सगळं गाव मला खरं बोलणारी म्हणून वाळीत टाकतं आणि मी अर्धंच खरं बोललेली आहे.

आणि तुम्हालाही ते माहीत होतं. तुम्ही वकिलांच्या कानात एवढंच सांगायचं होतंत, की बायकोनं मला हात लावला, लक्ष काढलं. त्यांनी मला तिथल्या तिथं आडवं घेतलं असतं. तुम्ही नाही सांगितलंत. मी तुमच्या विरुद्ध बोलत होते आणि तुम्ही मला झाकत होता. का?

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेले होते, तेव्हा सांगलीत एका वकिलांना विचारून आले. दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे असं सांगितलं. ते म्हणाले, शेजारी बसलेल्यानं बोट दाखवलं म्हणून त्याच्यावर कलम लागत नाही. चाक ज्याच्या हातात, त्यानंच रस्ता बघायचा. मी विचारलं, मग बोट दाखवणाऱ्याचं काय? ते म्हणाले, "त्याचं काय? तो घरी जाईल."

मी घरी आले. तुम्हाला सव्वा वर्ष, मला काही नाही. सकाळी उठते, झाडलोट करते, भाकरी करते, आणि मला कुणी काहीच विचारत नाही.

ऑक्टोबरात मी हे सगळं सांगणार आहे. ती चालत होती हेही सांगणार आहे. तुमची नोकरी जाईल. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी बहुतेक हेच केलं असतं. "तुम्ही म्हणाल ते ऐकेन" असं मी मागे लिहिलं होतं, तेही खरं नव्हतं.

मनू


कडेगाव,
१४ ऑक्टोबर १९७७

तुम्हांस मनूचा नमस्कार.

साक्ष झाली.

मामंजी बरोबर आले नाहीत. मी एकटी गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी ताई म्हणूनच सुरुवात केली. विचारलं, बाई पळत होती ना? मी म्हटलं, चालत होती. डोक्यावर एवढं गाठोडं घेऊन कुणी पळत नाही. ते म्हणाले, तिनं एसटीच्या पुढं थांबून उजवीकडे बघायला हवं होतं की नाही? मी म्हटलं, एसटी तिच्यासाठी थांबली होती. थांबलेल्या एसटीला वळसा घालून कुणी अंगावर येईल असं तिला का वाटावं? मग त्यांनी मला ताई म्हणायचं सोडलं.

ते बसायला लागले तेव्हा मी न विचारता बोलले, मला अजून सांगायचंय. मशीनचं सांगितलं. वकील म्हणाले, याचा दाव्याशी संबंध नाही. जज्जसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे आधीच्या कोर्टात का सांगितलं नाही? मी म्हटलं, भ्याले. त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरं काही झालं नाही. मला वाटत होतं, काहीतरी होईल.

बाहेर आले तर बिराप्पा चिंचेखाली बसला होता. आतापर्यंत मी त्याला लांबूनच बघितलं होतं. तुमच्याच वयाचा असेल, पण दाढी पांढरी झालीय. मी जाऊन उभी राहिले. माफी कशी मागतात ते मला येईना. तोच म्हणाला, "बाई, तुमी तिचं तोंड बघितलं का?"

मी म्हटलं, बघितलं.

"कसं हुतं?"

हे मला कोर्टात कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, हसत होती. एसटीपुढून पाऊल बाहेर टाकताना तिनं एक हात गाठोड्यावरचा सोडला होता आणि वर बघून ड्रायव्हरला नमस्कार केल्यासारखा उचलला होता. एवढी माणसांनी भरलेली एसटी आपल्यासाठी थांबली, याचं तिला हसू आलं असावं. लाजल्यासारखी हसत होती. तशीच बाहेर आली.

बिराप्पानं ते मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "पट्ट्यावरनं जा म्हणून मीच सांगितलं हुतं. आदल्या बाजारी पोलिसानं मला शिकवलं, हितनं चाललं की गाड्या थांबत्यात. तिला खरं वाटत नव्हतं. म्हणली, आमच्यासाठनं कोण थांबतंय. मी म्हणलं, बघ तर जाऊन."

मी खाली बसले. म्हटलं, मशीन दाखवलं नसतं तर. त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. चिडला नाही, पण म्हणाला, "तुमच्या बोटाचं मी काय करू, बाई? ते तुमचं तुमी बघा. माझं माझ्यापाशी लय हाय."

उठून चार पावलं गेला आणि परत वळला. म्हणाला, "तुमी दोनदा कोर्टात आला. तुमच्या माणसानं एकदा यिऊन माझ्याम्होरं उभं तरी ऱ्हायाचं हुतं. काय बोलायचं नव्हतं. नुसतं उभं."

तो म्हणाला तसंच लिहिलंय. माझं त्यात काही नाही.

आत्याबाई पुन्हा पाणी घेईनाशा झाल्या आहेत.

मनू


कडेगाव,
३० जानेवारी १९७८

तुम्हांस मनूचा नमस्कार.

तुम्ही या महिन्याच्या तीन तारखेला सुटणार असं मला कळलं होतं. मी दोन तारखेच्या संध्याकाळीच कोल्हापूरला आले, धर्मशाळेत राहिले, सकाळी फाटकावर गेले. तोच शिपाई होता. मला बघून त्यानं टोपी काढली. म्हणाला, "सूट मिळाली त्येला. नाताळातच गेला की, वहिनी. तुमाला कळवलं न्हाई?"

कुठं गेले ते त्याला माहीत नव्हतं. घरी येऊन मी कुणालाच काही सांगितलं नाही. मामंजी अंगणात बसले होते, त्यांनी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं, कुणी येतंय का. मग आत गेले.

परवा साताऱ्याहून नाथाजींचं कार्ड आलं. तुमच्या पलटणीतले, आपल्या लग्नाला आले होते ते. लिहितात की तुम्ही त्यांच्या लाकडाच्या वखारीत कामाला आहात आणि तब्येत बरी आहे. हे कार्ड लिहिल्याचं तुम्हाला सांगितलेलं नाही, असंही लिहितात. पत्ता त्यांनीच दिला. हे पत्र पहिल्यांदाच दुसरं कुणी न वाचता तुमच्या हातात पडेल. तर आता मला लिहायला फार काही सुचत नाही.

दाव्याचा निकाल लागला. हरणाबाईची काहीच चूक नव्हती, असं जज्जसाहेबांनी लिहिलंय. पट्ट्यांवरून चालणाऱ्या माणसाला गाडी थांबेल असं मानायचा हक्क आहे, पट्टे पुसट असले तरी. मला बिराप्पाच्या वकिलांनी वाचून दाखवलं. माझ्या बोटाबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी दोनदा विचारलं.

मामंजींनी निकाल ऐकला आणि म्हणाले, "बरं झालं." कुणाचं बरं झालं ते मी विचारलं नाही.

मी पुढच्या सोमवारी, सहा तारखेला, साताऱ्याला येते. कऱ्हाडवरून येणारी गाडी बाराच्या आत पोचते. परतीची गाडी साडेतीनला आहे. तेवढा वेळ मी स्टँडवर दर्शनी बाजूच्या बाकड्यावर बसेन. वखारीत येणार नाही, तुम्हाला चार माणसांत अवघडल्यासारखं होईल. यावंसं वाटलं तर या. बोलायचं नसलं तरी या. नाही आलात तर मी साडेतीनच्या गाडीनं परत जाईन आणि पुन्हा लिहिणार नाही.

मनू


सातारा
८ फेब्रुवारी १९७८

मनूस गुंडाचा आशीर्वाद.

मला लिवायची सवं न्हाई. चौथीपतूर शिकलो ते तुला म्हाईत हाय. चुकलं तर संबाळून घे.

मी सोमवारी आलो हुतो. साडेअकरापासनं हुतो. स्टँडाच्या समूर रसाचं गुऱ्हाळ हाय, तितं उभा हुतो. तू गाडीतनं उतरलीस ती बघितली. तू बाकड्यावर बसलीस. दोनदा उठून पार रस्त्यापतूर आलीस, हिकडं तिकडं बघितलंस. मधी येवढा रस्ता. मला वलांडता आला न्हाई.

एक पाय खाली टाकायचो आणि माघारी घ्यायचो. गाडी लांब असली तरीबी. गुऱ्हाळवाला म्हणला, पावणं, जावा की, रस्ता मोकळा हाय. हाक मारावी म्हणलं तर तोंडातनं आवाज निघंना. साडेतीनला तू गाडीत बसलीस. खिडकीजवळ बसलीस.

जेलातनं सुटल्यापासनं असं हाय. वखार रस्त्याच्या ह्या अंगाला हाय, तितंच झोपतो, म्हणून कवा वलांडायचा परसंग येत न्हाई. नाथाजीनं पयल्या दिवशी हाताला धरून आणलं हुतं. गाडी आता मी चालवणार न्हाई. मालकानं दिली तरी न्हाई.

तुजी पत्रं समदी वाचली. एकेक लय बारी वाचली. भेटायला आलो न्हाई त्येचं कारण सांगतो. कोर्टात साहेबानं मला इचारलं, साक्षीदार म्हणत्यात ते खरं का? वकिलानं शिकवल्यापरमानं मी समद्याला खोटं हाय म्हणलो. तू खरं बोललीस आणि म्होरं उभं ऱ्हाऊन मी तुला खोटी म्हणलो. मग जाळीतनं तुझ्याकडं कसं बघू?

आता मशीनचं. मी मशीन बघितलंच न्हाई. तू दंडाला हात लावलास म्हणून वळलो ते तुझ्याकडं बघितलं. तू हसत हुतीस. पर मनू, ते नंतरचं हाय. त्येच्या आधी यष्टीवाल्याचा हात मला दिसला हुता. थांबा म्हणत हुता, ते मला कळलं हुतं. पट्टंबी दिसलं हुतं. गूळ उतरायला उशीर हुतोय म्हणून मी गाडी काढली. तू बोट दावलं नसतंस तरी मी गाडी काढलीच हुती. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. वकिलाला न्हाई, आबांना न्हाई. तू जेलात पत्र लिवून समदं तुझ्यावर घेतलंस तवाच कळवायला पायजे हुतं. हात धजला न्हाई. तुला सहा म्हैनं ते वागवाय लावलं, त्यो गुन्हा पयल्या गुन्ह्यापरास मोठा हाय असं मला वाटतंय.

नाताळात सुटलो तो पयला वडूजला गेलो. बिराप्पाची वस्ती इचारत इचारत गाठली. त्येच्याम्होरं जाऊन उभा ऱ्हायलो. कोण हाय ते सांगितलं. तो बस म्हणला न्हाई आणि जा बी म्हणला न्हाई. तासभर झाला असंल. मग मेंढरं सोडली आणि निघून गेला. मी आणि थोडा वेळ उभा ऱ्हायलो आणि मग आलो. त्येनं काय म्हणावं असं मला वाटत हुतं ते म्हाईत न्हाई.

आबांना आणि आईला माझा नमस्कार सांग. न्हाई सांगितलास तरी चालंल.

तू पुना लिवणार न्हाई म्हणालीस. लिवू नगंस. येत्या सोमवारी त्याच गाडीनं ये. सकाळी सहाला रस्त्यावर चिटपाखरू नसतंय. मी तवाच वलांडून स्टँडाच्या अंगाला येतो आणि त्याच बाकड्यावर बसून ऱ्हातो. तू येईपतूर हालत न्हाई.

गुंडा